चूक कुणाच्या पदरात पडते?

प्रिय मुली,

तुझे दोन्ही प्रोजेक्ट बघितले. आधी मोबाइलवर, मग छापून काढून, हातात पेन घेऊन. शेवटच्या वर्षासाठी यातला कोणता पुढे न्यायचा, असं विचारतेस. कमी पैशांत कपडे घेणाऱ्या घरांसाठीचं ॲप, की अल्पसंख्याक समाजातल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवणारा उपक्रम? ज्युरीतल्या एकांनी पहिल्यावर 'यात नवीन काय' असा शेरा मारला, दुसऱ्यांनी दुसऱ्यावर 'विषय नाजूक आहे, सांभाळून' म्हटलं. तेवढ्यावर तू दोन्ही गुंडाळून पुण्यातल्या नोकरदारांसाठी झोपेचं ॲप करायच्या विचाराला लागलीस. ते वाचून मला राग आला. तो उतरेपर्यंत लिहायला बसले नाही. तरी थोडा उरलाच आहे, तेवढा सोसून घे.

तू मेहनती आहेस, हात चांगला आहे, हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. ते तुलाही माहीत आहे. दोन्ही प्रोजेक्टमध्ये एकच प्रश्न विचारायचा राहिला आहे आणि तो राहिला म्हणून दोन्ही लंगडे वाटतात. चूक झाली तर ती कुणाच्या पदरात पडते?

आधी कपड्यांचं घे. तू सगळा जोर किमतीच्या फिल्टरवर लावलास. दोनशेच्या आत, तीनशेच्या आत, पाचशेच्या आत. रंग छान, बटणं मोठी, मराठी स्वच्छ. पण स्वस्त कपडा कुठे मिळतो हे तुटपुंज्या पैशांत घर चालवणाऱ्या बाईला तुझ्या ॲपपेक्षा जास्त कळतं. आपल्या सोलापूरच्या मंगळवार बाजारात काय भाव चालू आहे, चाटी गल्लीत कोण किती सोडतो, रमजानमध्ये विजापूर वेशीच्या मीना बाजारात कधी जावं, हे तिला तोंडपाठ असतं. तिची धास्ती वेगळी आहे. आणलेलं अंगाला बसलं नाही तर? पहिल्याच धुण्यात रंग गेला तर?

आणि बघ, माल जितका स्वस्त तितकी परतीची वाट बंद होत जाते. ओळखीच्या साडीच्या दुकानातून चार साड्या घरी दाखवायला नेता येतात, नको त्या दुसऱ्या दिवशी परत जातात, कुणी चकार शब्द काढत नाही. सेलच्या ढिगावर मात्र पाटी असते, माल बदलून मिळणार नाही. म्हणजे ज्याला दुसऱ्यांदा घेणं जमतं त्याची चूक फुकटात निभावते, आणि ज्याला जमत नाही त्याला ती पूर्ण किमतीला पडते. तुझ्या ॲपने ही उलटी रीत जशीच्या तशी उचलली. एकशेऐंशीच्या फ्रॉकखाली तू स्वतःच्या हाताने बारीक अक्षरात लिहिलंस, 'परतावा लागू नाही'. कुणी सांगितलं होतं तुला ते लिहायला?

तुझ्या पर्सोनात, म्हणजे ॲप वापरणाऱ्या म्हणून तू कल्पिलेल्या माणसांत, एक विडी कामगार बाई आहे. वय, बजेट, मोबाइलचं मॉडेल, सगळं भरलंस. तिचा दिवस कसा मोजला जातो ते लिहिलं नाहीस, आणि तू सोलापूरची आहेस! मजुरी हजार विड्यांवर. पान-तंबाखू घरी आणायचा, वळायच्या, नेऊन द्यायच्या, आणि तपासणीत खराब म्हणून ज्या बाजूला निघतील त्यांचा तोटा वळणारीचा. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, तरी कामाचा घाट असाच की पानाचा दोषही शेवटी तिच्याच बोटांना चिकटतो. आयुष्यभर जिच्या चुका अशा मोजल्या गेल्या ती बाई तुझ्या ॲपवर 'एकदा घेऊन तर बघा' वाचून बटण दाबेल, असं तुला का वाटलं?

सोलापूरजवळ कुंभारीला, असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीत १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० घरांचा ताबा दिला गेला. झोपडी सोडून पक्क्या घरात जाणं ही फार मोठी गोष्ट आहे, त्यासाठी या बायका वर्षानुवर्षं झगडल्या. पण तिथून शहरात फ्रॉक बदलायला यायचं म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या विड्या. फ्रॉकपेक्षा बदलणंच महाग. ऑनलाइन मागवला तर परतीची विनंती मोबाइलवरून करायची, मोबाइल मुलाच्या खिशात, पैसे रोख दिलेले पण परत येणार ते खात्यात किंवा यूपीआयवर. तुझ्या एकोणीस स्क्रीनमध्ये या वाटेवर एकही स्क्रीन नाही.

साइजचंही तसंच. आपल्याकडे एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीचा एल असतो. भारतीय अंगाची मापं एकत्र करून साइजचा तक्ता बनवण्यासाठी फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या सरकारी संस्थेने 'इंडियासाइज' नावाचा देशव्यापी प्रकल्प हाती घेतला, म्हणजे हा घोळ त्यांनाही मोठा वाटला. तू मात्र एस, एम, एल लिहून मोकळी झालीस. छातीची, उंचीची मापं इंचात टाकायला काय हरकत होती? शिंप्याच्या टेपची भाषा त्या बाईला कळते.

आता माझं थोडं ऐक. मी हे सगळं पुस्तकातून आणलेलं नाही. शाळेच्या गणवेशांसाठी सोलापूरचं नाव आज सगळीकडे घेतलं जातं, आणि अशाच एका युनिटमध्ये मी पॅटर्न काढायचे. शिंपी घरच्या मुलीचा फ्रॉक शिवतो तेव्हा घेराखाली, खांद्यात, कुशीत माया, म्हणजे दुमडून ठेवलेलं जादा कापड, सोडतो. पोर वाढली की दुमड उसवायची, आणखी एक वर्ष निघतं. रेडिमेडमध्ये ही माया पहिल्यांदा कापली जाते, कारण एका नगामागे दोन इंच कापड म्हणजे हजार नगांमागे केवढं, हा हिशेब मालकाला लगेच दिसतो. मी घेराखाली दोन इंच ठेवायचा हट्ट धरला. मला तक्ता दाखवण्यात आला, मार्कर, म्हणजे कापडावर तुकडे बसवायचा आराखडा, दाखवण्यात आला, शेवटी दार दाखवण्यात आलं. मी म्हणत होते की जूनमध्ये घेतलेला गणवेश जानेवारीत आखूड झाला तर तो तोटा कुणाचा? कंपनीच्या तक्त्यात त्या तोट्यासाठी रकानाच नव्हता. ज्या घरात तो पडतो त्या घराचा तक्ता कुणी काढत नाही.

लोक अजून म्हणतात, दोन इंचांसाठी चांगली नोकरी सोडली. दोन इंचांसाठी सोडली हे खरं आहे. त्या दोन इंचांतच सगळं होतं.

दुसरा प्रोजेक्ट जास्त मनापासून केलास, ते दिसतं. म्हणून त्यावर जास्त बोलते. पहिल्याच पानावर तू मदरशात शिकणारी एक मुलगी काढलीस आणि तिच्यावरून पूर्ण उपक्रम बेतलास. मुस्लिम समाजाच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा २००६ चा अहवाल सांगतो की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मदरशात जातात. बाकीची महापालिकेच्या, संस्थांच्या, साध्यासुध्या शाळांत असतात, किंवा शाळा सोडून कामाला लागलेली असतात. आणि अल्पसंख्याक म्हणून तू एकच चेहरा का काढलास? केंद्राने १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी हे पाच समाज अधिसूचित केले, २०१४ मध्ये जैन जोडले गेले. घटनेचं ३० वं कलम तर धर्माबरोबर भाषेच्या अल्पसंख्याकांनाही आपल्या शाळा काढायचा हक्क देतं. आपल्या शहराच्या पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, कानडी आपल्या उंबऱ्यावर आहे, उर्दू-दखनी चौकाचौकात. तुझ्या वर्गात तुझ्या शेजारी बसलेल्या मुली आठव. त्या मदरशातल्या होत्या का?

हे मी तुला टोचायला सांगत नाही. चुकीची मुलगी डोळ्यांसमोर ठेवली की चुकीचं बनतं, आणि ते वापरणारीला वाटतं की कमतरता तिच्यातच आहे. हीच गोष्ट मला छळते.

उर्दूचं तुझं पान बघ. उर्दू माध्यमाची पुस्तकं नस्तालिक वळणात छापलेली असतात. शब्द उजवीकडून डावीकडे जाताना खाली उतरत जातो, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. तू नस्ख, म्हणजे सरळ ओळीत चालणाऱ्या वळणाचा फॉन्ट टाकलास आणि ओळी देवनागरीइतक्याच दाटीने बसवल्यास. वाचणारी मुलगी अडखळणारच. वर त्याच ओळीत इंग्रजी कमांड आली की उजवीकडून चाललेला मजकूर मध्येच डावीकडून चालू लागतो, कर्सर भलतीकडे उडी मारतो. दहा वर्षांची मुलगी हात मागे घेते. तिला वाटतं, मीच काहीतरी मोडलं. आता शाळेतला कॉम्प्युटर मोडला तर तो कोण भरून देणार, हे तिच्या घरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्या मुलीला तू पहिल्या धड्यातच वेळ लावून प्रश्नमंजुषा दिलीस, चुकलं की लाल फुली, तीन फुल्या झाल्या की धडा बंद!

मी एका संस्थेचा कॉम्प्युटर वर्ग चालवत होते. उर्दू आणि तेलुगू माध्यमाच्या शाळांतल्या मुली यायच्या. पहिल्या दिवशी मी टायपिंग शिकवायची नाही. एक लिहिलेलं पान उघडून द्यायची आणि म्हणायची, याची वाट लावा. मग कंट्रोल-झेड दाबायला सांगायची. पान जागच्या जागी परत. त्या वेळी त्यांचे चेहरे जे व्हायचे, त्यासाठी मी दहा नोकऱ्या सोडल्या असत्या. बिघडलेलं परत येतं ही गोष्ट त्या मुलींना कुणी आधी दाखवलेलीच नव्हती. घरात कप फुटला तर बोलणी, वहीत खाडाखोड झाली तर छडी, नापास झाली तर शाळा बंद.

पुढे संस्थेला प्रमाणपत्रांचे आकडे हवे झाले. परीक्षा, परीक्षेची फी, नापास झाली तर पुन्हा फी. मी म्हटलं, पुन्हा बसणाऱ्या मुलीची फी संस्थेने भरावी, मग घ्या परीक्षा. ते तयार नव्हते, मी वाकले नाही, आणि वर्ग बंद पडला. त्याची हळहळ माझ्या मनातून जात नाही. त्या खोलीसमोरून जायचं मी टाळते. माझ्या जवळच्या माणसांनीही मला सुनावलं की काहीच नसण्यापेक्षा फीचा वर्ग बरा होता, तुझ्या तत्त्वापायी पोरींचं नुकसान झालं. मी त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच तुला सांगते. ज्या वर्गात नापास होण्याचा दंड बाप भरतो, तिथून पहिली मुलगी नापास झाली की तिच्या धाकट्या दोघी येतच नाहीत. हे दुसरं नुकसान मोजायला कुणी बसत नाही, म्हणून ते झालं नाही असं होत नाही. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती ठेवली, पहिली ते आठवीची बंद केली. शिक्षण हक्क कायद्याने या वर्गांचं शिक्षण मोफतच आहे, असं कारण दिलं. घरातून एवढीशी रक्कम गेली तरी काय होतं? नवं काही करून बघायची ऐपत जाते. पुन्हा तेच, बाळा. चूक कुणाच्या पदरात पडते?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कपड्यांचं घे.

तुला वाटलं असेल मी दुसरं घे म्हणेन. पण हाच प्रश्न स्वतःला लावून बघ. तू विद्यार्थी आहेस, तुझ्याकडून चुका होणार, व्हायलाच हव्यात. कपड्यात तुझी चूक झाली तर काही शे रुपये आणि थोडी शरम, ती भरून देता येते. शिकवण्यात चूक झाली तर एखाद्या मुलीचं वर्ष जातं आणि तोवर तू डिग्री घेऊन बंगळूरला गेलेली असतेस. 'नाजूक विषय' म्हणून तो बाजूला ठेवायला मी सांगत नाहीये, तो शब्द मला अजिबात मान्य नाही. आधी कुणाच्या तरी वर्गात मदतनीस म्हणून जा, मुलींच्या शेजारी बस, नस्तालिकचा अंदाज डोळ्यांना येऊ दे, मग बनव. घाईने बनवलेलं त्यांना देऊ नकोस. त्यांना घाईने बनवलेलं खूप जणांनी दिलंय.

आणि 'यात नवीन काय' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं असेल तर गणवेशच घे. एका शाळेचा गणवेश सगळ्यांचा सारखा. चौथीतल्या मुलीला आखूड झालेला तिसरीतल्या मुलीला बसतो. बनवणारी युनिटं इथेच आहेत, दुकानं इथेच, घेणारेही इथेच. जूनमध्ये चुकीचा साइज घेतला गेला तर तो बदलायचा खर्च पालक, शाळा, दुकान आणि युनिट यांच्यात कसा वाटला जाईल, एवढं एक सोडव. ॲप लागलंच तर बनव. शाळेच्या शिपाईमामांकडच्या वहीवर भागत असेल तर वही आख, रकाने नीट आख, आणि तीच ज्युरीसमोर ठेव.

दिवाळीच्या सुट्टीत हुतात्मा एक्स्प्रेसने येशील तेव्हा चार कागद घेऊन ये. प्रत्येकाचा एक, पालक, शाळा, दुकान, युनिट, आणि प्रत्येकावर चुकीच्या साइजचे रुपये मांडलेले. विचारून मांडलेले, मनाचे नकोत. पालकांचा कागद आधी भर. लॉगिनचं पान आणू नकोस, मी ते बघणार नाही.

तुझी,
मॅडम