वडिलांना व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असं सांगताहेत, खरे पोलीस असं करतात का?

नाही, भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे वडिलांना फोन आत्ता लगेच कट करायला सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार (अटक, तपास यांचे नियम ठरवणारा कायदा) अटक करताना पोलिसांना कारण सांगावं लागतं, अटकेचा पंचनामा करावा लागतो आणि नातेवाइकाला कळवावं लागतं. हे भामटे नेमकं उलटं करतात: ‘घरात कोणाला सांगू नका, कॅमेरा बंद करू नका.’ माझ्या मते गणवेश, शिक्का, सीबीआय किंवा ईडीचं पत्र यापेक्षा ही लपवाछपवीच फसवणुकीची सगळ्यात पक्की खूण, कारण बाकी सगळं बनवता येतं, स्क्रीनवर दिसणारा नंबरसुद्धा. दुसरी खूण म्हणजे ‘पडताळणीसाठी’ पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला सांगणं. कोणतीही तपास यंत्रणा असं करत नाही.

मात्र पोलिसांचा प्रत्येक फोन खोटाच असतो असं नाही. चौकशीसाठी खरा फोनही येऊ शकतो. अशा वेळी नाव, हुद्दा आणि ठाणं विचारून घ्या, फोन ठेवा आणि त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून खात्री करा. त्यांनी दिलेल्या नंबरावर फोन करू नका.

पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येण्याची शक्यता असते. वडिलांवर चिडू नका; घाबरवणं हाच या लोकांचा धंदा आहे.