पर्सेंटाइल त्यांना कळलं कसं?

प्रश्न : मुलीला एमएचटी-सीईटीत ८८ पर्सेंटाइल आहेत. पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या ‘अ‍ॅडमिशन सेल’मधून फोन आला. कॉम्प्युटरची सीट अडवून ठेवायला काल संध्याकाळी क्यूआरवर २५ हजार भरले. आज दुपारपर्यंत आणखी ६० हजार मागताहेत. तिचा अर्ज क्रमांक, पर्सेंटाइल सगळं त्यांना माहीत आहे. भरू का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : नका भरू. ही फसवणूक आहे. पुढचं वाचण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक जवळ ठेवा, बँकेलाही कळवा. पैसे समोरच्याच्या खात्यातून निघाले नसतील तर तिथेच गोठवता येतात. एक रात्र गेलीच आहे, आता तास घालवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. पर्सेंटाइल माहीत असणारा माणूस कॉलेजचाच असणार, असं तुम्हाला वाटलं. पण ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलची गुणवत्ता यादी कुणालाही उघडता येते; नाव, अर्ज क्रमांक, गुण, सगळं त्यात असतं. राहिला मोबाइल नंबर. तो आपणच वाटतो. शैक्षणिक मेळाव्यातल्या वहीत, ‘तुम्हाला कोणतं कॉलेज मिळेल’ सांगणाऱ्या फुकट वेबसाइटवर.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की क्यूआर स्कॅन केल्यावर कुणा बाईंचं नाव आलं आणि ‘त्या आमच्या अकाउंटंट’ असं उत्तर मिळालं. तिथे थांबायला हवं होतं. कॉलेजची फी अकाउंटंटच्या खात्यात जात नाही.

कॅपमध्ये, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत, जागा मिळाल्याचं मुलीच्या लॉगिनमध्येच दिसतं, ती स्वीकारण्याचं शुल्कही तिथूनच भरायचं. पुढची फी कॉलेजच्या नावाने, पावती घेऊन. ती किती, हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. फोनवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. मॅनेजमेंट कोट्याच्या जागा असतात, नाही असं नाही; पण त्यांनाही अर्ज आणि गुणवत्ता लागते. फीच्या वर पैसे घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी कायद्याने गुन्हा आहे.

समजा, फोन खरा असता, तरीही मी नकोच म्हटलं असतं. तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि तुम्ही ओबीसी आहात, असं तुम्ही लिहिलंय. अशा घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून सरकार पूर्ण भरतं, पण प्रवेश कॅपमधून झाला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ती सवलत गेली. म्हणजे ८५ हजार देऊन चार वर्षांची फीमाफी घालवली असती!

मुलीवर चिडू नका. क्यूआर तुम्ही स्कॅन केला होता. कॅपमधला पर्यायांचा अर्ज (कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम) भरायचा राहिला असेल तर आज तो तिच्यासोबत बसून भरा. कॉम्प्युटर नाही मिळालं तर इलेक्ट्रॉनिक्सही यादीत असू द्या. यादी मला पाठवा, क्रम मी पाहून देईन.