वाचकांचे प्रश्न: दुसऱ्याच्या देशातलं बंड आपल्या बंदुकीने मोडतं का?

प्रश्न : नमस्कार सर, माझे काका शांतीसेनेतून श्रीलंकेला गेले होते. ते त्यावर फार बोलत नाहीत, एवढंच म्हणतात की "आम्हाला कुणासाठी लढायचंय तेच शेवटपर्यंत कळलं नाही". मित्रदेशाच्या सरकारला बंडखोरांविरुद्ध लष्करी मदत करायची म्हणजे नक्की काय करतात आणि त्याचा उपयोग होतो का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काकांना आधी माझा नमस्कार सांगा. त्यांच्या त्या एका वाक्यात निम्मं उत्तर आलंय.

मदतीचे प्रकार बरेच आहेत, पैसा, हत्यारं, हेलिकॉप्टर, गुप्त माहिती, तिथल्या सैन्याला ट्रेनिंग, आणि सगळ्यात टोकाचं म्हणजे स्वतःचे जवान पाठवणं. आपण श्रीलंकेत हे टोकाचंच केलं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, सैन्य गेलं ते शांतता राखायला, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत एलटीटीईशी, म्हणजे वेगळं तमिळ राष्ट्र मागणाऱ्या बंडखोरांशी, सरळ युद्ध पेटलं. यातल्या कितीतरी तमिळ पोरांना आधी आपणच तामिळनाडूत ट्रेनिंग दिलेलं होतं हे विसरून चालणार नाही. जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानात रात्रीच्या अंधारात हेलिकॉप्टरने शीख लाइट इन्फंट्रीची एक तुकडी उतरवली, खाली एलटीटीईवाले आधीच दबा धरून बसले होते, मागची कुमक उतरूच शकली नाही आणि त्या तुकडीतले जवळपास सगळे जवान तिथेच गेले.

पुढचं तर वाचवत नाही. १९८९ मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांना भारतीय सैन्य नको होतं, इतकं नको होतं की त्यांच्याच सरकारने एलटीटीईला हत्यारं पुरवली. म्हणजे ज्या देशाच्या मदतीला आपण गेलो त्याच देशाचं सरकार आपल्या जवानांवर गोळ्या झाडणाऱ्यांना रसद देत होतं! मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली, तोवर अकराशेच्या वर जवान मारले गेले होते. काकांना कळलं नाही ते कसं कळणार होतं, दिल्लीत तरी कुणाला कळलं होतं का.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेरून हत्यार देता येतं, ट्रेनिंग देता येतं, पण ते सरकार आपलं आहे असं तिथल्या माणसाला वाटणं हे बाहेरून देता येत नाही. अफगाणिस्तानचं बघा. अमेरिकेने तिथलं सैन्य आणि पोलीस उभं करायला ८० अब्ज डॉलरच्या वर घातले, आपणही हेलिकॉप्टरं दिली, त्यांचे कॅडेट आपल्याकडे शिकले. पण कागदावर नाव आणि जागेवर माणूसच नाही असे "भुताटकीचे सैनिक" तिथे ढिगाने होते, त्यांचा पगार वरचे अधिकारी खायचे, आणि चौकीवर जो खराखुरा पोरगा उभा होता त्याला महिनोन्‌महिने पगार नाही. विमानं-हेलिकॉप्टरं दुरुस्त करणारे परदेशी कंत्राटदार निघून गेले तशी ती जमिनीवर बसली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानपुढे सगळं कोसळलं, त्या पोराने कुणासाठी मरायचं होतं सांगा?

आपल्या सोलापूरकरांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. मे १९३० मध्ये इथे इंग्रज सरकारच्या पोलीस चौक्या जळाल्या, मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लागला, लष्कराने रस्ते ताब्यात घेतले, सरकारच्या भाषेत "शांतता" झाली. पण गावाने मनात कुणाला ठेवलं? १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना. मी काही एलटीटीई किंवा तालिबानला हुतात्म्यांच्या ओळीत बसवत नाहीये, अजिबात नाही, पण लोकांना जे सरकार परकं वाटतं त्याच्या बंदुकीने रस्ता मोकळा होतो, माणसं वळत नाहीत.

प्रश्न : मग असं कधी जमलंच नाही का? – एक विद्यार्थिनी, अक्कलकोट

उत्तर : जमलंय की. भूतानच्या जंगलात आपल्या आसाम-उत्तर बंगालमधल्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी अतिरेक्यांचे तळ होते. राजाने आधी बरीच वर्षं चर्चा करून बघितली, नाही जमलं तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने स्वतः कारवाई करून सुमारे ३० तळ मोडले. आपण आपल्या बाजूची सीमा बंद केली आणि जखमींच्या उपचाराला मदत केली, लढाई त्यांची त्यांनी लढली. अर्थात तिथे बंडखोर बाहेरून आलेले होते, गावातलेच नव्हते, त्यामुळे ओळखायला सोपे गेले.

कोलंबियाचं उदाहरण मात्र लोक फार सहज देतात. २००० पासून अमेरिकेने तिथे अब्जावधी डॉलर ओतले, फार्क ही तिथली बंडखोर संघटना कमजोर झाली, २०१६ ला करारही झाला, हे खरंच. पण "किती बंडखोर मारले" यावर बढती आणि सुट्ट्या मिळायला लागल्या तेव्हा तिथल्या सैनिकांनी गरीब पोरांना कामाच्या आमिषाने नेऊन मारलं आणि बंडखोर म्हणून दाखवलं. २००२ ते २००८ मधले असे किमान ६,४०२ बळी तिथल्याच न्यायाधिकरणाने मोजलेत. त्यांच्या आया अजून न्याय मागतायत.