हल्क राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिक रोडच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं: "वय 41, अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पगार हातात 72 हजार. घरकर्ज 19 लाख बाकी. पत्नी घरी शिकवण्या घेते, मुलगी साडेनऊ वर्षांची. शाळेत असल्यापासून सुपरहिरो कॉमिक्स जमवतो. आज 640 आहेत, नेटवरच्या भावाने 18 लाखांची. आता 1974 चा 'द इनक्रेडिबल हल्क'चा 181 वा अंक सव्वातीन लाखांना मिळतोय. पत्नीच्या पाटल्यांवर सोनेतारण कर्ज काढून घेऊ का? तिला अजून सांगितलेलं नाही. मुलीच्या शिक्षणाची चिंता नाही, बँकेतल्या मॅडमनी नुकताच तिच्यासाठी एक प्लॅन करून दिलाय. वर्षाला 1 लाख 20 हजार, 10 वर्षं. कागद मागच्या आठवड्यात आले. हप्त्यासाठी दरवर्षी चार-दोन कॉमिक्स विकेन."

हल्ककडे येतोच. पण तुमच्या पत्राची शेवटची चार वाक्यं वाचून मी हे उत्तर छापून यायची वाट पाहिली नाही, तुम्हाला त्याच दिवशी मेल केला. इथे पुन्हा सविस्तर लिहितो, कारण अशी पत्रं महिन्याला दोन-तीन येतात.

तुम्ही जोडलेला त्या प्लॅनचा, म्हणजे विमा पॉलिसीचा, तक्ता पाहिला. 10 वर्षं 1 लाख 20 हजार, म्हणजे 12 लाख भरायचे. मग 10 वर्षं थांबायचं आणि विसाव्या वर्षी 26 लाख घ्यायचे. मॅडमनी "दुपटीहून जास्त" असं सांगितलं, ते खोटं नाही. फक्त ते दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात, ते त्यांनी तुम्हाला मोजू दिलं नाही. मोजलं तर हा परतावा वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास पडतो. पीपीएफ आज 7.1 टक्के देतं, आणि तिथे कुणाला कमिशन मिळत नाही म्हणून बँकेत त्याचं नाव कुणी काढत नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. हा प्लॅन "मुलीच्या शिक्षणासाठी" म्हणून विकलाय. विसाव्या वर्षी तुमची मुलगी साडेएकोणतीस वर्षांची असेल. कॉलेजची फी भरायची वेळ येईल ती अठराव्या वर्षी. त्या वर्षी या प्लॅनमधून हाती काही येत नाही, फक्त तुमचा आठवा-नववा हप्ता जातो. ही एवढी साधी वजाबाकी त्या टेबलावर कुणी केली नाही याचा मला मनापासून राग येतो.

आता चांगली बातमी. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती कारण न देताही परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे वजा करून बाकी पैसे परत मिळतात. एक खबरदारी घ्या: कुरिअर मागच्या आठवड्यात आलं असेल, पण पॉलिसीची प्रत त्याआधी ईमेलवर आली असेल तर दिवस तिथपासून धरा. बँकेतल्या मॅडमना भेटू नका, त्या चहा पाजतील आणि "सर, दोन हप्ते तरी भरा" म्हणतील. अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, मूळ कागद जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. ही 30 दिवसांची मुदत गेली आणि तुम्ही दोन-तीन हप्त्यांनंतर थांबलात, तर भरलेल्या पैशांतला मोठा भाग गेलाच म्हणून समजा.

आणि तुम्ही थांबलाच असतात, कारण हप्ता कॉमिक्सवर अवलंबून ठेवला होता. नेटवर दिसतो तो भाव बहुतेकदा अमेरिकेतल्या, ग्रेडिंग होऊन, म्हणजे अवस्थेनुसार गुण मिळून, प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद झालेल्या प्रतीचा असतो. ग्रेड 0.5 पासून 10 पर्यंत. त्याच अंकाच्या 9.8 च्या प्रतीला जे मिळतं, त्याचा दहावा हिस्साही 4 च्या प्रतीला कित्येकदा मिळत नाही. तुमचे फोटो मी मोठे करून पाहिले. मधल्या पानावर पिनेभोवती गंजाचा तांबूस डाग पसरलाय, एका अंकाच्या घडीवर सेलोटेपची पिवळी पट्टी आहे, दुसऱ्यावर बॉलपेनने वर्ग आणि तुकडी लिहिलीय. तुमच्यासाठी त्या खुणा मोलाच्या असतील, पण घेणारा त्यांचेच पैसे कापतो.

काळ्या पिशवीतला 1992 चा सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक तुम्ही 15 हजारांना धरलाय. तो लोकांनी जपून ठेवण्यासाठीच विकत घेतला होता, म्हणून आजही मुबलक आहे. 1991 च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या 80 लाखांवर प्रती निघाल्या. अंक साठवून ठेवण्यासाठी घ्यायच्या त्या तेजीनंतर बाजार असा बसला की 1996 च्या डिसेंबरात मार्व्हलने, म्हणजे हल्क आणि एक्स-मेन काढणाऱ्या कंपनीने, दिवाळखोरीचा अर्ज केला. 1938 च्या ज्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला, त्याची एक प्रत 2024 साली 60 लाख डॉलरला गेली हे खरं. पण तेव्हा तो 10 सेंटचा अंक कुणी जपून ठेवला नव्हता, म्हणून तर आज तो दुर्मीळ आहे.

वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, मराठी इंद्रजाल अंकांबद्दल मला जास्त आशा आहे. 1964 ते 1990 एवढाच इंद्रजालचा काळ, आणि मुलांनी ते चिंध्या होईपर्यंत वाचले. पण घेणारे मोजके. दोघं एकाच अंकामागे लागले तर भाव चढतो, एरवी वर्षभर कुणी विचारत नाही. विमा कंपनीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागतो.

हिशोब करा. 40 हजारांना एक अंक गेला तर ग्रेडिंग, टपाल, लिलावाचं कमिशन जाऊन 30 हजार हातात येतील. 1 लाख 20 हजारांसाठी असे चार लागतील, 10 वर्षांत चाळीस. तुमच्याच यादीत 40 हजारांच्या वरचे अंक अकरा आहेत. तिसऱ्या वर्षी ते संपतात, आणि तेही सगळे विकले गेले तर.

परत येणाऱ्या 1 लाख 20 हजारांचं काय करायचं? मुलीला 10 पूर्ण व्हायच्या आत सुकन्या समृद्धी खातं उघडा. त्यानंतर ते उघडता येत नाही, तुमच्या हाती जेमतेम सहा महिने आहेत. व्याज सध्या 8.2 टक्के. वर्षाला 60 हजार टाकलेत आणि दर असाच राहिला तर ती अठराची होईपर्यंत 8 लाखांच्या आसपास जमतील, आणि त्यातले निम्म्यापर्यंत शिक्षणासाठी काढता येतील. तेवढ्यावर भागणार नाही, पण ते पैसे योग्य वर्षी हाती येतील. 20 ते 25 हजारांत साधा 1 कोटीचा टर्म विमा घ्या. आज तुम्हाला फक्त कंपनीचा 10 लाखांचा गट विमा आहे, घरकर्ज त्याच्या जवळपास दुप्पट आहे, आणि नोकरी सुटली की तो विमाही सुटतो. उरलेले 35 हजार पहिलं वर्ष बँकेत अडीअडचणीसाठी ठेवा, पुढच्या वर्षीपासून त्यातले काही कॉमिक्सवर खुशाल खर्च करा.

आता हल्क. 181 वा अंक चांगला आहे, वुल्व्हरिन हा गाजलेला सुपरहिरो पूर्ण रूपात पहिल्यांदा त्यातच दिसतो. पण तुमच्या विक्रेत्याची प्रत ग्रेड केलेली नाही, "अंदाजे 6" हा त्याचा शब्द. त्याला वाचकांच्या पत्रांच्या पानाचा फोटो मागा. त्या काळात मार्व्हलच्या अंकांत त्या पानावर कापून वहीत चिकटवायचं एक छोटं तिकीट असायचं, आणि हजारो मुलांनी ते कात्रीने कापलं. पान चौकोनी फाटलेलं निघालं तर किंमत कोसळते. तुमचे वडील प्रेसमधून निवृत्त झाले असं तुम्ही लिहिलंय; एवढ्याशा छापील कागदाची किंमत ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली सांगतील.

तिकीट जागेवर असलं तरी कर्ज काढून घेऊ नका. सव्वातीन लाखांवर 11 टक्क्यांनी महिन्याला 3 हजार व्याज जाईल, आणि घेतल्या दिवशीच परत विकायला गेलात तर पाव हिस्सा कमी मिळेल. या अंकांचे भाव 2021 च्या सुमारास चढले होते, ते नंतर उतरलेत. पाटल्या तर वहिनींच्या आहेत, त्यांना न विचारता त्या तारण ठेवायचा विषयच नको.

त्याऐवजी या रविवारी दोघं मिळून त्या 640 अंकांची यादी करा: अंक, साल, काय दिलं, आज खरोखर घेणारा कोण. अंक जिन्याखालच्या ट्रंकेतून काढा, पावसाळ्यात तिथे ओल येते हे फोटोतच दिसतंय. पण त्याआधी, सोमवारी सकाळी, विमा कंपनीची शाखा. मेल आणि कुरिअर दोन्हींच्या तारखा पाहून मला कळवा, म्हणजे नेमके किती दिवस उरलेत ते सांगतो.