देशपांडे: कोणते धरायचे, कोणते सोडायचे?

प्रश्न: मुलाला शाळेत ‘आपले आडनाव आणि त्यातली नामवंत माणसे’ असा प्रकल्प दिला आहे. आम्ही देशपांडे. पुलंच्या पुढे आमची गाडी जात नाही. शिवाय कन्नड देशपांडे धरायचे की नाहीत, यावरून घरात वाद चाललाय. — एक वाचक, खानापूर

उत्तर: धरायचे की! देशपांडे हे मुळात कूळ नव्हे, हुद्दा. परगण्याचा हिशेब ठेवणारा वतनदार तो देशपांडे. गावात तेच काम कुलकर्ण्याकडे. वतन ज्या मुलखात, तिथली भाषा घरात आली. जात-भाषा बघून निवडायला बसलात तर बाजीप्रभूही अडचणीत येतील. ते कायस्थ प्रभू, हिरडस मावळचे देशपांडे. 13 जुलै 1660 ला घोडखिंडीत पडले आणि खिंडीचं नाव पावनखिंड झालं. आडनाव लावून त्यांना हाक कोण मारतो?

आता तुमच्या अगदी दाराशी असलेले, आणि तरीही तुम्हाला न सुचलेले गंगाधरराव देशपांडे (1871–1960). बेळगावजवळच्या हुदलीचे. टिळकांचे कट्टर अनुयायी, नंतर गांधींचे. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ते आणण्यामागे हेच. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात या एकाच अधिवेशनाचे. पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली, तिला आजही काँग्रेस विहीर म्हणतात. हुदलीत त्यांनी खादीचं काम उभं केलं; 1937 मध्ये गांधीजी तिथेही येऊन राहिले. लोक त्यांना ‘कर्नाटक सिंह’ म्हणत. या बिरुदातच गोम आहे, असं मला वाटतं. टिळकांच्या मुशीत घडलेला माणूस म्हणून त्यांना मराठीने जवळ करायला हवं होतं, पण बिरुद बघून आपण जरा अंग चोरतो. 1956 च्या भाषावार राज्यरचनेनंतर तर कोण कोणाचं याच्याच याद्या सुरू झाल्या. त्यात रस्त्याला नाव राहिलं काँग्रेसचं, विहिरीला काँग्रेसचं. माणूस मागे पडला.

पुलंचं उलट. ते बेळगावचे नव्हेत. इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ शिकवायला होते. पण त्यांनी बेळगावच्या रावसाहेबांचं व्यक्तिचित्र लिहिलं, आणि कानडी हेल काढून बोलणारं आपलं मराठी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात पोहोचलं. आपण अजून ते ऐकून खूश होतो. (आपल्याच बोलण्याला हसतो, हेही खरं.)

वहीत जागा उरली तर कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आणि त्यांच्या पत्नी कुसुमावती, साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष, 1961, ग्वाल्हेर. शिवाय धारवाडला जन्मलेल्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या शशी देशपांडे. त्या कन्नड नाटककार श्रीरंगांच्या कन्या. देशपांडे हे आडनाव सासरचं. पुलंच्या पत्नी सुनीताबाईही माहेरच्या ठाकूर. मुलीनं सासरी जाऊन मोठं केलेलं आडनाव कोणाच्या खात्यात टाकायचं, हे घरातल्या वाद घालणाऱ्यांना विचारा.

फोटो मात्र नेटवरून उतरवू नका. रविवारी मुलाला घेऊन टिळकवाडीत या, विहिरीचा फोटो काढा, आणि गंगाधररावांचं नाव त्या पानावर त्याला देवनागरी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांत लिहायला लावा.