डिझेलच्या बिलापासून सुरुवात कर

दांडिया बाजार, बडोदे

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. दूरच्या समुद्रात जाणारे मासेमारीचे ताफे आणि शाश्वत विकास हा विषय बडोद्याच्या मुलीने कशाला घ्यायचा, असं विभागात कुणीतरी विचारलं म्हणतेस. त्यांना द्वारकेजवळच्या ओखामंडळाची आठवण करून दे. तो किनारा गायकवाडांचाच होता. मोत्यांची शिंपी आणि शंख यांतून संस्थानाला काय मिळू शकेल हे पाहायला सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाला तिथे धाडलं, आणि त्याचा अहवाल 1909 मध्ये छापला गेला. समुद्रात काय आहे ते आधी तपासायचं, पैसा मग ओतायचा, एवढी अक्कल तेव्हाही होती. हंसा मेहता ग्रंथालयात त्याची चौकशी करून बघ.

आता मुद्द्याचं. तुझी सुरुवातीची पानं चिनी जहाजांनी भरली आहेत. गॅलापागोस बेटांजवळ 2020 मध्ये जमलेली सुमारे तीनशे जहाजं, आणि त्याआधी 2017 मध्ये तिथेच पकडलेलं, पोटात सहा हजारांवर शार्क भरलेलं एक जहाज. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण तू त्या एका दमात सांगतेस, तिथे गफलत होते. शार्कवालं जहाज बेटांच्या राखीव सागरी क्षेत्रात शिरलं होतं, तो सरळ गुन्हा. म्हाकुळासाठी जमलेला ताफा मात्र मुख्यतः 200 सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण 370 किलोमीटरच्या रेषेपलीकडे उभा होता. 1982 च्या सागरी कायद्याने त्या रेषेच्या आत किनाऱ्यावरच्या देशाचा हक्क, बाहेर खुला समुद्र. चोर पकडायला गस्ती नौका लागते; कायद्यात बसून समुद्र उपसणाऱ्याला तिचा काय धाक? त्यासाठी त्याचं अर्थकारण हलवावं लागतं. तुझा प्रबंध खरा या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

आम्ही हिशेबनीस माणसं, त्यामुळे मला प्रत्येक जहाज म्हणजे एक खातं दिसतं. वेरावळ-पोरबंदरच्या बोटमालकांची पुस्तकं मी वर्षानुवर्षं तपासली. ट्रॉलरच्या एका फेरीचं पान डोळ्यांपुढे आण. खर्चाला डिझेल, बर्फ, सीधा, जाळ्याची डागडुजी, तांडेल-खलाशांचा पगार. जमेला वाकटी, म्हाकूळ, सुरमई, आणि तळाशी मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याकडे जाणारी बारीकसारीक मासळी. खर्चाच्या बाजूला डिझेल बाकी सगळ्यांना खाऊन टाकतं. मासळी मिळेना की बोट आणखी लांब जाते, लांब गेली की डिझेल वाढतं, आणि मग ती तळाची ओळ वाढवून खर्च भरून काढावा लागतो. म्हणजे अजून न वाढलेली पिल्लंसुद्धा जाळ्यात. अशा तोट्याच्या पानावर बोट ठेवलं की मालक डिझेलवरच्या व्हॅट परताव्याचा कागद पुढे सरकवायचा: ‘आ छे तो बोट चाले छे, साहेब.’

हेच पान मोठं करून बघ. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने खुल्या समुद्रातल्या मासेमारीचा ताळेबंद मांडला. सरकारी मदत काढून घेतली तर तिथली 54 टक्क्यांपर्यंत मासेमारीची क्षेत्रं तोट्यात जातील, असा त्याचा निष्कर्ष होता. खुल्या समुद्रातली जवळजवळ 80 टक्के मासेमारी चीन, तैवान, जपान, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया आणि स्पेन या सहांच्या जहाजांची. जगभरातलं मासेमारी अनुदान त्याच वर्षी अंदाजे 35.4 अब्ज डॉलर होतं, आणि त्यातले 22.2 अब्ज ताफ्याची ताकद वाढवणारे. तिकडे 1974 मध्ये अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशेबात 90 टक्के मत्स्यसाठे सुस्थितीत होते. 2021 पर्यंत ते 62.3 टक्क्यांवर आले. हे आकडे तुझ्याकडेही आहेत, पण परिशिष्टात. त्यांना पहिल्या प्रकरणात आण.

डिझेलनंतर मालक शोध. जहाजावर झेंडा पनामाचा, कंपनी तिसऱ्या देशात नोंदलेली, नफा चौथ्या देशात, खलाशी इंडोनेशिया-फिलिपिन्सचे. भर समुद्रात टँकर येऊन तेल देतो, शीतगृह असलेलं दुसरं जहाज येऊन मासळी उचलतं. दोन-तीन जहाजांचा माल एका पोटात गेला की कुठला मासा कुणी कुठे पकडला हे पुढच्या बंदरात कोण सांगणार? बंदराचं तोंड न पाहता जहाज वर्षभर बाहेर राहू शकतं, आणि खलाशीही त्याबरोबर अडकतो. एखाद्याला पगार मिळाला नाही तर तक्रार कुठल्या देशाच्या दारात करायची? यावर तू एकच परिच्छेद लिहिला आहेस. निदान आठ पानं हवीत.

विकासाची बाजू मात्र एकरंगी काढू नकोस. सेनेगल-मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर तारलीसारखी स्वस्त मासळी भुकटीच्या कारखान्यांत जाते. एक किलो भुकटीला चार-पाच किलो मासे लागतात, आणि ती भुकटी परदेशातल्या मत्स्यशेतीचं खाद्य होते. तिथल्या गरिबाच्या ताटातला मासा असा गेला. याउलट पॅसिफिकमधल्या नाऊरू करारातल्या छोट्या बेट-देशांनी एकजूट करून ट्यूना पकडायचे जहाज-दिवस विकायला काढले, दिवसाला किमान 8,000 डॉलर दराने. परकी ताफे तेच, पण किरिबातीसारख्या देशाच्या तिजोरीत निम्म्याहून जास्त महसूल या परवान्यांतून येतो. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेव आणि फरक कशाने पडला ते शोध. माझ्या मते किनाऱ्याची सरकारं विक्रेता म्हणून एकत्र उभी राहिली का, यावर बरंच ठरतं. तुला वेगळं दिसलं तर तसं लिही.

भारताची भूमिका लिहिताना हात आखडू नकोस. जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य-अनुदान करार जून 2022 मध्ये झाला, सप्टेंबर 2025 मध्ये लागू झाला. बेकायदा मासेमारी, आधीच खालावलेले साठे आणि कुणाचंच नियमन नसलेला खुला समुद्र, एवढ्यांवरची मदत त्याने बंद केली. ताफेच फुगवणाऱ्या मदतीचा मोठा प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर ढकलला. लांब जाणाऱ्या देशांनी 25 वर्षं अनुदान थांबवावं आणि आपल्यासारख्या विकसनशील देशांना तेवढ्याच वर्षांची सवलत मिळावी, अशी आपली मागणी. मला ती बरीचशी रास्त वाटते. पण पालघरचे मच्छीमार गुजरातच्या ट्रॉलरबद्दल काय बोलतात तेही ऐकून ये, म्हणजे लांबून येणारा ताफा हे नातं सापेक्ष असतं हे ध्यानात येईल. शिवाय नोव्हेंबर 2025 च्या नव्या नियमांनी आपल्याच आर्थिक क्षेत्रात, म्हणजे 200 मैलांच्या रेषेच्या आत, सहकारी संस्थांना खोल समुद्रात पाठवायचं ठरवलं आहे. त्यात मोठी आई-जहाजं आणि त्यांच्या छोट्या पिल्लू-बोटी, म्हणजे समुद्रातच माल इकडून तिकडे. वर मी ज्या पळवाटेबद्दल लिहिलं तिच्यावर इथे देखरेख कशी राहणार, हे प्रकरण अजून कुणी नीट लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. तू लिही.

वेरावळला जायचं तर जून-जुलैत जा. तेव्हा मासेमारी बंद असते, बोटी काठावर चढवलेल्या, सुतार-रंगारी कामाला लागलेले, आणि मालक हिशेब जुळवत बसलेले. ऑगस्टमध्ये बोटी सुटायच्या वेळी गेलीस तर चहासुद्धा कुणी विचारणार नाही. मुलाखतीत मासळीच्या किमतीआधी डिझेलचा खर्च विचार. दोन-तीन फेऱ्यांची पानं झेरॉक्स करून मिळाली तर मला पाठव, मी बसून बघतो.

तुझा,
काका