वाचकांचे प्रश्न : हिरवा वॉर्सा आणि साखरेचा खडा

पोलिश दिग्दर्शक आणि पटकथाकार क्रिस्तॉफ किस्लोव्हस्की (१९४१–१९९६) यांच्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक.

प्रश्न : ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग’चं चित्र हिरवट-पिवळं दिसतं, कडा काळ्याकुट्ट. प्रत खराब आहे का?

उत्तर : प्रत उत्तम आहे, टीव्हीच्या सेटिंगला हात लावू नका. छायालेखक स्लावोमिर इजाक यांनी या चित्रपटासाठी हिरवे फिल्टर स्वतः तयार केले. चौकटीचा काही भाग ते मोकळा सोडत आणि बाकीचा झाकोळून टाकत, त्यामुळे चेहरा दिसतो आणि भोवतालचं शहर अंधारात बुडतं. हिरवा हा एरवी पालवीचा रंग. पण लेन्सपुढे लावला की वॉर्सा कुजल्यासारखं दिसू लागतं. दिग्दर्शकाला तेच हवं होतं.

घोटाळा होतो तो ‘व्हिव्हिड’ मोडमुळे, नाहीतर ब्राइटनेस वाढवल्यामुळे. काळ्या कडा राखाडी होतात आणि हिरवा रंग चिखलासारखा दिसतो. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा, खोलीतले दिवे मालवा. तरी शंका उरली तर त्याच टीव्हीवर किस्लोव्हस्कींच्याच ‘थ्री कलर्स’ या चित्रत्रयीतला (ब्लू, व्हाइट, रेड) ‘व्हाइट’ लावून बघा. त्यातला बर्फही हिरवा दिसला, तर मात्र दोष टीव्हीचा.

प्रश्न : ‘डेकालॉग’चा पाचवा भाग आणि हा चित्रपट एकच ना? मग दोन्ही कशाला पाहायचे?

उत्तर : ‘डेकालॉग’ ही बायबलमधल्या दहा आज्ञांवरची दहा भागांची टीव्ही मालिका. कथा एकच, पण टीव्हीचा भाग तासाभराचा आणि चित्रपट सुमारे ८४ मिनिटांचा. वेळ एकाचाच असेल तर चित्रपट पाहा. त्यात टॅक्सीवाल्याचा खून लवकर उरकत नाही. दोर पुरत नाही, माणूस मरत नाही, मारेकऱ्याला पुन्हा पुन्हा नवं काहीतरी करावं लागतं. पुढे सरकारी फाशीची तयारीही तितक्याच बारकाईने येते : यंत्राला तेलपाणी, खटका ओढून चाचणी, खाली ठेवलेलं ताट. एक खून अडाणीपणाने होतो, दुसरा कसबाने. आणि दुसरा बघणं जास्त जड जातं. १९८८ मध्ये या चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं ज्युरी पारितोषिक मिळालं.

जाता जाता एक : ‘हत्या करू नकोस’ ही आज्ञा सहावी असल्याचं काही ठिकाणी वाचायला मिळेल. पोलंडमध्ये कॅथलिक क्रम चालतो आणि त्यात ती पाचवी आहे. सहावी व्यभिचाराची, त्या भागाचा मोठा चित्रपट म्हणजे ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह’. दोन्हींचे शेवट वेगळे आहेत, त्यामुळे इथे मात्र दोन्ही पाहायला हवेत.

प्रश्न : त्यांनी माहितीपट का सोडले?

उत्तर : पोलंडमधल्या वूच शहरातल्या फिल्म स्कूलमधून बाहेर पडल्यावर बरीच वर्षं ते प्रामुख्याने माहितीपटच करत होते. १९८० च्या ‘स्टेशन’साठी वॉर्साच्या मुख्य रेल्वे स्थानकावर रात्री चित्रीकरण झालं आणि पोलिसांनी ती फिल्म ताब्यात घेतली. एका खुनातली संशयित मुलगी त्यात सापडेल अशी त्यांना आशा होती. ती सापडली नाही. पण सापडली असती तर आपण नकळत पोलिसांचे खबरे ठरलो असतो, ही टोचणी राहिली. शिवाय खऱ्या माणसाचं रडणं टिपण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न होताच. नट रडला तर ग्लिसरीन तरी असतं.

प्रश्न : पटकथा ते एकटेच लिहीत का?

उत्तर : सुरुवातीला बहुतेक एकटेच. ‘नो एंड’पासून (१९८५) क्रिस्तॉफ पिएसेविच सोबत आले. ते पेशाने वकील, पोलंडमधल्या लष्करी कायद्याच्या काळात (१९८१–८३) राजकीय खटल्यांत बचाव करणारे. किस्लोव्हस्की त्या खटल्यांवर माहितीपट करायला न्यायालयात गेले आणि गंमत झाली : कॅमेरा समोर असला की न्यायाधीश कडक शिक्षा देईनात! मग वकीलच कॅमेऱ्याला बोलावू लागले. माहितीपट राहिला, जोडी जमली. दहा आज्ञांची कल्पनाही पिएसेविच यांचीच. त्यांच्या पटकथांत निवाडा कुणावरच लादलेला नसतो, आणि माझ्या मते हा वकिलाचाच गुण आहे.

प्रश्न : ‘ब्लू’मध्ये साखरेचा खडा कॉफीत भिजतो, एवढंच दाखवून काय मिळतं?

उत्तर : पती आणि मुलगी गमावलेली ज्युली भोवतीच्या कशाकडेच लक्ष द्यायला तयार नाही. तिचं जग त्या खड्याएवढं उरलंय. पण प्रेक्षक अशा गोष्टीकडे किती वेळ बघेल? दिग्दर्शकाच्या हिशेबाने पाच-साडेपाच सेकंद. आठ झाले तर कंटाळा. साखर मात्र आपल्या वेगाने भिजते, काही खडे तीन सेकंदांत तर काही आठमध्ये. म्हणून एका सहायकाला निरनिराळे खडे बुडवून हव्या वेळात भिजणारा शोधावा लागला. घरी घड्याळ लावून करून बघा, फरक लगेच कळेल.

प्रश्न : सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ‘कॅमेरा बफ’पासून (१९७९). हौशी कॅमेरावाल्याची ही गोष्ट सर्वांत सोपी, आणि विनोदीही. मग ‘ब्लाइंड चान्स’. एकच तरुण, एकच रेल्वेगाडी, तीन आयुष्यं. १९८१ मध्ये तयार झालेला हा चित्रपट लष्करी कायद्यामुळे अडकला, तो १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर ‘डेकालॉग’ कोणत्याही क्रमाने, पण दिवसाला एकच भाग. ‘थ्री कलर्स’ मात्र ब्लू, व्हाइट, रेड याच क्रमाने पाहा, कारण ‘रेड’च्या शेवटी आधीच्या दोन्हींतली पात्रं येतात.